वळसंगची जीप आणि वीस लिटर गोडं तेल

सोलापूरला लोक चादरी आणायला जातात, देवदर्शनाला जातात, लग्नाला जातात. आम्ही नवरा-बायको गेलो ते जुनी डिझेल गाडी बघायला, आणि तीसुद्धा अशी की जिच्यात डिझेलऐवजी खायचं तेल ओतता येईल. परत आल्यापासून सोसायटीतले लोक "कसा झाला प्रवास?" असं विचारतात आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो. ही उत्तरं आता एकमेकांना भेटायला लागली आहेत, म्हणून एकदाच सगळं खरं लिहून टाकतो.

मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झालो त्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आलो तर सुनंदा, म्हणजे माझी बायको, कुकरची शिट्टी उघडून दुरुस्त करत बसली होती. मी म्हटलं, "दे इकडे, मी बघतो." ती म्हणाली, "राहू द्या. तुमचं रसायनशास्त्र फळ्यावरून कधी खाली उतरलंय का?" हे लागलं, कारण खरं होतं. आठवडाभर ते बोलणं डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात मोबाइलवर एका परदेशी गृहस्थाला हॉटेलातल्या वापरलेल्या तेलावर जुनी डिझेल गाडी पळवताना पाहिलं आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं, की मी सोलापुरातून अशी गाडी घेऊन शेंगदाण्याच्या तेलावर पुण्यापर्यंत चालवत आणणार. चेअरमननी विचारलं, "पार्किंगमध्ये वास येईल का?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलं, "येताना भजी तळूनच आणा." बेचाळीस जणांनी हसरे चेहरे टाकले. आता तेलावर परत यायचं किंवा हे बेचाळीस चेहरे रोज लिफ्टमध्ये बघायचे, एवढंच उरलं होतं.

सोलापूरच का, याला शास्त्रीय कारण होतं. थंडीत तेल घट्ट होतं आणि सोलापुरात थंडी नावाला असते. शेंगा मुबलक. शिवाय पुण्यात गाडी म्हातारी झाली की लोक विकून मोकळे होतात, तिकडे ती घरात राहते आणि तिला कामं सांगितली जातात.

गुरुवार, माळशिरस

पहिली गाडी माळशिरसला, कुणाच्या तरी ओळखीने. उसाच्या पट्ट्यातलं घर, ओसरीवर झोपाळा, आणि मालक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. गाडी चकचकीत होती. बॉनेट उघडलं तर आत तारांचं जाळं आणि मधोमध काळी डबी. म्हणजे संगणक. हिचा उपयोग नव्हता. जुनी गाडी हवी ती याचसाठी, की तिच्या इंजिनात कोणी विचार करणारं नसावं. जे येईल ते मुकाट्याने जाळावं. हे मी मालकांना सांगितलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "थोडक्यात, नवरा कसा हवा तशी."

मालकांना तेलाची कल्पनाच पटली नाही. "तेल कशाला वो? रसावर चालवा की. आमच्याकडं रस लई हाय." मी साखर आणि स्निग्ध पदार्थ यांच्या ज्वलनातला फरक समजावून सांगितला, रेणूची आकृती जमिनीवर काडीने काढून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "अगं, पाव्हन्यांना रस आन दोन गलास. उनाचं आल्यात." त्यांना वाटलं मला ऊन लागलंय. रस मात्र उत्तम होता, आलं-लिंबू घातलेला, आणि परत निघेपर्यंत त्यांनी गाडीचा विषय काढला नाही.

शुक्रवार, चिंचोळी

सोलापुरात उतरल्यावर लॉजवाल्याने एका मिस्त्रीचं नाव सांगितलं. चिंचोळी एमआयडीसीच्या एका टोकाला रशीदभाई ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करतात. पंप म्हणजे इंजिनाला डिझेल ढकलणारा यंत्राचा तुकडा. भोवती कारखान्यांच्या भिंती, पाळी सुटून डबे हलवत चाललेले कामगार, आणि मधे एका पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर मांडी घालून बसलेला हा साठीचा माणूस.

मी खिशातून यादी काढली. गाडी निवडण्याचे नऊ निकष, व्हिडिओ बघून लिहिलेले. रशीदभाईंनी यादी घेतली, चष्मा शोधला, सापडला नाही, यादी परत दिली.

"सर, गाडी जित्ती बुढ्ढी उत्ती अच्छी. नई गाडी का पेट नाजूक रैता. आन पंप देखो. गोल पंप नक्को. गोल पंप जो पीता उसीच में भीगता. गाढा तेल आया तो मरता वो. लाइन का पंप देखो, लंबा रैता, उसकू इंजिन का आइल अलग मिलता."

माझ्या नऊ निकषांपैकी सात एवढ्याशा बोलण्यात बसले. उरलेले दोन रंगाबद्दल होते.

मग त्यांनी विचारलं, कोणतं तेल घालणार. मी म्हटलं करडई, कारण सोलापूरची करडई प्रसिद्ध आणि हृदयालाही चांगली. रशीदभाई हसले. "इंजिन कू हार्ट अटॅक नै आता सर. करडी नक्को. गरम हुई की चिपकती. वार्निश बनता उसका. शेंगा का लेव."

इथे मला घाम फुटला. वाळणारी तेलं आणि न वाळणारी तेलं हा धडा मी एकतीस वर्षं शिकवला. करडई वाळणाऱ्यांत येते, पातळ थर हवेत वाळून त्याचा पापुद्रा होतो, यावर दर वर्षी चार मार्कांचा प्रश्न काढला. विद्यार्थ्यांनी उत्तर चुकवलं की त्यांच्या वह्यांवर लाल शेरे मारले. सुनंदाने पर्समधून लाल पेन काढून माझ्यापुढे धरलं.

रशीदभाईंनी बेत आखून दिला. गाडीत दोन टाक्या. एकीत डिझेल, दुसरीत तेल. तेलाच्या टाकीत तांब्याच्या नळीतून इंजिनाचं गरम पाणी फिरवायचं, म्हणजे तेल पातळ राहतं. गाडी डिझेलवर सुरू करायची, तापली की सीटखालचा एक कॉक फिरवायचा आणि तेलावर जायचं. बंद करण्याआधी परत डिझेल. दुसरी टाकी ते रविवारी बसवून देणार होते. "गाडी वळसंग में है एक," ते म्हणाले. "मल्लप्पा की जीप. पंप मैंच देखता उसका."

शनिवार, वळसंग

मल्लप्पांचा वळसंगला विजेवर चालणारा लाकडी घाणा आहे. लोक शेंगा घेऊन येतात, तेल आणि पेंड घेऊन जातात. घाण्याच्या शेजारी पत्र्याखाली ती उभी होती: पांढरी, चपट्या नाकाची, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली. एके काळी अक्कलकोट रस्त्यावर वडापला होती, म्हणजे मिळेल त्या प्रवाशाला कोंबून नेणारी. पुण्यात गाडी विकणारा माणूस आधी कागदांची फाइल दाखवतो. मल्लप्पांनी आधी कोणकोण तिच्यात बसलं ते सांगितलं. तीन सरपंच, एक तहसीलदार, एकोणीस नवरदेव, आणि एक बाई जिचं बाळंतपण दवाखान्याच्या फाटकात झालं. मुलीचं नाव काय ठेवलं तेही सांगितलं. कागद नंतर आले, प्लास्टिकच्या पिशवीत, सगळे नीट.

"मग विकताय कशाला?" सुनंदाने विचारलं.

"मान वळत न्हाय आता," मल्लप्पा म्हणाले. "फुडं जाताना काय न्हाय. मागं घ्याची म्हटली की लई वांदा. परवा रिवर्स घेताना म्हशीला विचारावं लागलं."

मी बॉनेट उघडलं. पंप लांब होता. संगणक नव्हता, डबी नव्हती, तारा मोजून पाच. किल्ली फिरवली तर दोनदा खोकून चालू झाली. मला एवढा आनंद झाला की मी एका अनोळखी माणसाच्या जिपेच्या बॉनेटवर हात फिरवत उभा राहिलो.

मग मल्लप्पा म्हणाले, "घ्या की. पर उद्या न्या. आज शनवार हाय. शनवारी लोखंड घरला नेत न्हाईत. तेल बी."

आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाने काय करावं? मी बाकावर बसलो आणि सुरू झालो. शनी हा वायूचा गोळा. त्याचं सूर्यापासूनचं अंतर. पृथ्वीवरल्या लोखंडाशी आणि तेलाशी त्याला काही घेणं-देणं नाही. अर्धा तास बोललो. घाण्यावर आलेली सात-आठ माणसं जमली. मल्लप्पांची बायको दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी मल्लप्पा म्हणाले, "बरं. तुमी शिकवलेलं खरं आसंल. न्या मग आजच." मला वाटलं, फळ्यावरून उतरलं एकदाचं.

त्या विजयाच्या भरातच मी दुसरं भाषण दिलं, तेल कसं हवं त्यावर. शेंगांचंच हवं, पाण्याचा थेंब नको, तळाला गाळ नको, गाळाने नोझल, म्हणजे इंजिनात तेल फवारणारी तोटी, तुंबते. मल्लप्पा लक्षपूर्वक ऐकत होते. म्हणाले, "मास्तर, एक काम करा. पुन्याला पोचला की फोन करा. चाललं तर मी बी माज्या हिरीवरल्या इंजिनात घालून बघतो. लाइट कवा बी जाती. डिझेल आनायला सोलापूरला पळावं लागतं, तेल तर दारात हाय."

जेवण झालं. कडक भाकरी, शेंगाची चटणी वर तेल ओतून, वांग्याची भाजी आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर. पुण्यात पाहुण्याला विचारतात, अजून वाढू का? इथे विचारत नाहीत. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढतात.

जेवून बाहेर आलो तर घाण्याजवळ माणसं परत जमली होती. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं, कुणाकडे कॅन, कुणाकडे किटली, एका म्हातारीकडे स्टीलचा डबा. आतून मल्लप्पांच्या बायकोने कानडीत हाक दिली, "एण्णी तगोंड बा," म्हणजे तेल घेऊन ये, आणि मल्लप्पांनी स्वतःची चरवी आणली. एकेक जण पुढे येत होता, भांड्यावर वाकून आत बराच वेळ बघत होता आणि मग आम्ही पुण्याहून आणलेल्या दोन कॅनमध्ये तेल ओतत होता. मी पैसे काढले तर कोणी घेईना. म्हातारी तर दोनदा वाकली, डबा उन्हाकडे कलता करून परत बघितलं, मग ओतलं आणि हात पदराला पुसून निघून गेली.

सुनंदा माझ्या कानाशी आली. "शनिवार आहे," ती म्हणाली. "तेलात तोंड बघून दान करतात ना, साडेसाती उतरवायला? सगळ्या गावाची घेऊन चाललाय तुम्ही."

ती थट्टा करत होती. तिचा चेहरा बघूनच कळत होतं. पण मला आठवली लहानपणची शनिवारची सकाळ, दारात तेलाचं भांडं घेऊन येणारा तो माणूस, आणि आई मला त्या भांड्यात तोंड बघायला लावायची ती. वीस लिटर भरले. मी सगळ्यांना हसून नमस्कार केला आणि कॅनकडे न बघता ते मागच्या बाकाखाली सरकवले.

सोमवार, पुणे रस्ता

रविवारी रशीदभाईंनी टाकी बसवली, तांब्याची नळी फिरवली, कॉक लावला. तेल भरायला लागले तर मी म्हटलं, "नको, रस्त्यात भरतो." ते म्हणाले, "कैकू?" मी म्हटलं, तपमान. त्यांनी खांदे उडवले.

सोमवारी सकाळी निघालो. जीप सुरेख चालली. आवाज मोठा, त्यामुळे सुनंदाशी बोलावं लागत नव्हतं. मोहोळ गेलं. इंजिन तापलं होतं, बाहेर ऊन होतं, वीस लिटर शुद्ध शेंगतेल मागे होतं आणि मी डिझेलवर चाललो होतो. सुनंदा दर दहा किलोमीटरला मागच्या बाकाखाली बघायची, मग माझ्याकडे.

"आता थांबून भरायचं का?"

"अजून थोडं तापू दे."

टेंभुर्णीच्या अलीकडे ती म्हणाली, "तुम्ही घाबरलात."

मी स्निग्धतेचा गुणांक सांगितला. तिने पूर्ण ऐकला. मग परत म्हणाली, "घाबरलात."

घाबरलो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण घाबरलो होतो. मला दिसत होतं की टाकीत तेल ओतलं की त्यावर ती सगळी तोंडं तरंगणार, ती म्हातारी दोनदा. शनी वायूचा गोळा आहे हे मला ठाऊक होतं. त्याचं अंतरही ठाऊक होतं. आणि तरीही माझा हात त्या कॅनना लागेना.

पुढे रस्त्याच्या कडेला शनीचं एक देऊळ दिसलं. चौथऱ्यावर काळा दगड, शेजारी नारळ-रुईची पानं विकणारी बाई. मी गाडी थांबवली. सुनंदाला वाटलं चहा. मी मागून कॅन काढले आणि चौथऱ्यावर चढून ओतायला लागलो. पहिला कॅन. दुसरा. तेल दगडावरून, चौथऱ्यावरून, पायरीवरून ओघळून रस्त्याच्या मातीत जिरायला लागलं. नारळवाली बाई उठून उभी राहिली.

"अवो, पुरं की. घरात कोन लई आजारी हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "गाडी आहे."

सुनंदा जीपजवळ उभी होती. लग्न झाल्यापासून ती मला हसली नाही असा दिवस नाही, पण त्या वेळी हसली नाही. एवढंच म्हणाली, "आज सोमवार आहे हो." म्हणजे वारसुद्धा चुकला होता.

पुण्यात पोचलो तेव्हा चेअरमन हार घेऊन फाटकात होते. त्यांनी धुराचा वास घेतला आणि म्हणाले, "अगदी शेंगदाण्यासारखा येतोय." मी मान डोलावली. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. सुनंदा पिशवी घेऊन जिना चढून गेली.

मंगळवार, घरी

सकाळी फोन वाजला. मल्लप्पा.

"मास्तर, पोचला न्हवं? काय, चाललं का तेल?"

"उत्तम," मी म्हटलं. कालपासून हेच म्हणत होतो, तोंडाला सवय झाली होती.

"लई बेस! आवो, ज्यांनी ज्यांनी तेल दिलं त्ये समदे हितंच बसल्यात. समद्यांच्या हिरीवर इंजिनं हायत, आठ जन, त्यात माजं एक. तुमाला चाललं तर आमी बी आजच घालतो. म्हनून तर वर्गनी काढली. कुनाचं बी तेल वाईट नगं जायला म्हनून येकयेकानं वाकून गाळ बघून वतलाय. शेवंताक्कानं दोनदा बघितलं, तिची नजर कमी हाय. न्हाय ना निघाला गाळ?"

मी खुर्चीत बसलो. गाळ. मीच सांगितलं होतं, हातवारे करून. ते बिचारे मी शिकवलेलं करत होते. त्या भांड्यात तोंड बघणारा तिथे मी एकटाच होतो.

आता फोनच्या त्या टोकाला आठ माणसं आपापल्या विहिरीवर जायला निघाली होती. त्यांच्या इंजिनांना दुसरी टाकी नाही, गरम पाण्याची नळी नाही, पंप गोल की लांब ते कोणी पाहिलेलं नाही. माझ्या एका शब्दावर तेल ओतणार होते. हार माझ्या टेबलावरच पडला होता, अजून ताजा.

"मल्लप्पा, थांबा," मी म्हटलं. "चाललं नाही. म्हणजे मी घातलंच नाही. डिझेलवर आलो. तुम्ही इंजिनात काही घालू नका, रशीदभाईंना आधी दाखवा."

"घातलंच न्हाय? का वो?"

मी सांगितलं. शनिवार, तोंडं, टेंभुर्णीच्या अलीकडचा दगड, वीस लिटर, सगळं सांगितलं. दारात सुनंदा येऊन उभी राहिली होती, तिच्यासमोरच सांगितलं. मग मल्लप्पांनी तोंड बाजूला करून बाकीच्यांना ते सांगितलेलं ऐकू आलं, आधी मराठीत, मग कानडीत. मी शिव्यांची वाट बघत राहिलो. पण मल्लप्पा परत फोनवर आले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती जास्त.

"मास्तर," ते म्हणाले, "आमचा शनी पळीभर तेलावर भागतोय वो. तुमा शिकलेल्या मानसांचा येवढा मोटा कसा काय झाला?"